सळईचा धूर मोजणारा काटा: कॅलिफोर्नियाच्या ‘बाय क्लीन’ कायद्याचं प्रकरण

सळईचं बंडल साइटवर उतरतं तेव्हा त्याला तारेने बांधलेला पत्र्याचा एक बिल्ला असतो. त्यावर हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या ओतातली सळई, तो क्रमांक), ग्रेड, व्यास. सोबत कारखान्याची टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, येते. सळईत कार्बन किती, गंधक किती, किती ताणाला ती लांबली, किती ताणाला तुटली, हे सगळं तिच्यात असतं. साइट इंजिनियर बिल्ल्यावरचा हीट नंबर टीसीशी ताडून पाहतो आणि जुळला की माल उतरवून घेतो. एवढ्या कागदांत एकच गोष्ट कुठे लिहिलेली नसते: ही सळई बनवताना हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली ही गोष्ट सरकारी खरेदीत कायद्याने विचारायला सुरुवात केली. विधानसभा विधेयक २६२, म्हणजेच ‘बाय क्लीन कॅलिफोर्निया’ कायदा. सदस्य रॉब बोंटा यांनी ते मांडलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली. सरकारी पैशातून होणाऱ्या बांधकामांत काही ठरावीक माल वापरायचा असेल तर त्या मालाचं पडताळलेलं पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र हवं, आणि त्यातला आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या आत हवा, असा हा नियम. इंग्रजी आद्याक्षरांवरून या घोषणापत्राला जगभर ईपीडी म्हणतात. इथेही तेच म्हणू.

अशा कागदाचा कंपनीला नेमका काय उपयोग, हे मला याच प्रकरणातून सर्वांत स्पष्ट दिसलं. म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

पुलापासून सुरुवात

सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या पूर्वेकडच्या भागाचा एक तुकडा १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात खचला. त्या पूर्वेकडच्या भागाच्या जागी नवा पूल बांधायचं ठरलं आणि तो सप्टेंबर २०१३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. खर्च सुमारे ६.४ अब्ज डॉलर. त्याच्या मनोऱ्याचं आणि रस्त्याच्या भागाचं पोलादी काम शांघायच्या झेनहुआ कंपनीत तयार होऊन जहाजाने पॅसिफिक ओलांडून आलं. त्यावरून अमेरिकेत बरीच वर्षं वाद झाला. काम गेलं ही कामगारांची तक्रार होतीच. तिच्या जोडीला आणखी एक मुद्दा पुढे आला. आपल्या राज्यातल्या कारखान्यांवर प्रदूषणाचे कडक नियम लावायचे, त्यामुळे त्यांचा माल महाग होऊ द्यायचा, आणि मग स्वस्त म्हणून जास्त धूर सोडणाऱ्या ठिकाणचा माल सरकारी पैशाने आणायचा, हे कसं चालेल?

हा मुद्दा लावून धरणाऱ्यांत ब्लूग्रीन अलायन्स ही आघाडी होती. २००६ मध्ये पोलाद कामगारांची युनायटेड स्टीलवर्कर्स ही संघटना आणि सिएरा क्लब ही निसर्गरक्षणाची संस्था यांनी मिळून ती उभी केली. कामगार आणि पर्यावरणवाले एका बाजूला उभे राहिलेले आपल्याकडे क्वचितच दिसतात. तिथे ते घडलं, कारण दोघांचं म्हणणं एकाच आकड्यावर येऊन टेकत होतं. एक टन पोलादामागे किती धूर, हा तो आकडा.

अडचण अशी की तो आकडा सांगणार कोण? कारखानदार स्वतःच सांगणार असेल तर प्रत्येकाचा माल हिरवाच.

काटा कोणाचा?

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. काटामारी हा शब्दच त्याने घडवलेला आहे. कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घ्यायची मुभा हवी, यासाठी त्याने आंदोलनं केली. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याचाच काटा असेल तर वजनावर विश्वास बसत नाही, आणि विश्वास नसेल तिथे भाव ठरत नाही, भांडण ठरतं. ईपीडी हा धुराचा बाहेरचा काटा आहे.

त्याची पद्धत आता बऱ्यापैकी बसलेली आहे. १९९८ मध्ये स्वीडनमध्ये अशी एक व्यवस्था सुरू झाली. आज ती आंतरराष्ट्रीय ईपीडी प्रणाली म्हणून स्टॉकहोममधून चालते. २००६ मध्ये आयएसओ १४०२५ हे मानक आलं. बांधकाम साहित्यासाठी युरोपात ईएन १५८०४ आणि जागतिक पातळीवर आयएसओ २१९३० ही मानकं आहेत. त्यांच्या आत प्रत्येक प्रकारच्या मालासाठी वेगळी नियमावली असते. सळईसाठी काय मोजायचं, कशावर भागायचं, भंगाराचा हिशेब कसा धरायचा, कुठे थांबायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. सगळे एकाच नियमावलीने मोजतात म्हणून आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. वेगळ्या नियमावलीचे दोन ईपीडी घेऊन त्यांची तुलना करणं चूक आहे, आणि ही चूक फार वेळा होते.

पडताळणी करणारा माणूस काय करतो, हेही पाहायला हवं, कारण कागदाचं सगळं मोल तिथे आहे. कारखाना साधारण एका वर्षाची माहिती गोळा करतो: भट्टीत काय काय गेलं, वीज किती, इंधन किती, चुना किती, इलेक्ट्रोड किती, बाहेर माल किती आला, धातूची मळी (स्लॅग) किती निघाली. त्यावरून जीवनचक्राचा हिशेब मांडला जातो. मग ज्याने तो हिशेब मांडलेला नाही आणि ज्याचा कारखान्याशी संबंध नाही असा तज्ज्ञ तो तपासतो. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन जुळतं का? विजेचा आकडा बिलाशी जुळतो का? एकाच भट्टीतून दोन प्रकारचा माल निघत असेल तर धुराची वाटणी नियमाप्रमाणे झाली आहे का? गैरसोयीची एखादी पायरी हळूच गाळलेली तर नाही ना? शंका लिहून पाठवल्या जातात, उत्तरं येतात, हिशेब दुरुस्त होतो, आणि मगच ईपीडी सार्वजनिक नोंदवहीत चढतो. सहसा तो पाच वर्षं चालतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. ईपीडी म्हणजे हिरवेपणाचं प्रमाणपत्र नव्हे. सातबारा जमीन चांगली आहे की खडकाळ यावर मत देत नाही. कोणाची, किती, कोणतं पीक, एवढं लिहून देतो. ईपीडीचं तसंच. फार धूर सोडणाऱ्या मालाचाही ईपीडी निघतो, आणि तो खराही असतो.

कायदा साइटवर कसा पोचला

‘बाय क्लीन’च्या यादीत चारच प्रकारचा माल घेतला: बांधकामाचं पोलाद, काँक्रीटमध्ये घालायची सळई, सपाट काच आणि खनिज लोकरीचे उष्णतारोधक बोर्ड. काँक्रीट यादीत नाही. राज्याचं परिवहन खातं कॅलट्रान्स, जलसंपदा खातं, कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि स्टेट युनिव्हर्सिटी यांसारख्या बांधकाम करणाऱ्या सरकारी यंत्रणांना हा कायदा लागू झाला.

मर्यादा ठरवायचं काम राज्याच्या सामान्य सेवा विभागाकडे होतं. त्याने उद्योगाची सरासरी धरली आणि जानेवारी २०२२ मध्ये आकडे जाहीर केले. एक टन मालामागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात सळईला ८९० किलो, हॉट रोल्ड सेक्शनला १,०१० किलो, प्लेटला १,४९० किलो, पोकळ सेक्शनला १,७१० किलो, सपाट काचेला १,४३० किलो. १ जुलै २०२२ पासून या मर्यादा पाळणं बंधनकारक झालं. दर तीन वर्षांनी त्यांचा फेरविचार करायचा आणि आकडा फक्त खाली आणायचा, वर न्यायचा नाही, असंही कायद्यातच लिहिलेलं आहे.

मला सर्वांत परिणामकारक वाटलं ते एक साधं कलम. कंत्राटदाराने त्या कारखान्याचा ईपीडी सादर केल्याशिवाय तो माल बांधकामात बसवायचाच नाही. बांधकामातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. सळई यार्डात पडून आहे, बांधणारे तयार आहेत, पंपाची वेळ ठरली आहे, आणि एका कागदासाठी काम अडलंय. असा प्रसंग एकदा आला की कंत्राटदार पुढच्या खेपेला ऑर्डर देतानाच पुरवठादाराला विचारतो, ईपीडी आहे ना? पर्यावरण हा शब्दही न उच्चारता मागणी साखळीने वर सरकते: कंत्राटदाराकडून सळई कापून-वाकवून देणाऱ्याकडे, तिथून कारखान्याकडे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, ईपीडी ‘त्या कारखान्याचा’ हवा. कंपनीची सरासरी चालत नाही, देशाची तर नाहीच. एकाच कंपनीचे दोन कारखाने असतील, एक भंगार वितळवणारा आणि दुसरा कोळशाच्या झोतभट्टीचा, तर सरासरीच्या पदराआड दुसऱ्याला लपता येत नाही.

फायदा नेमका कोणाला, कुठे

पोलादाच्या जागतिक संघटनेची, वर्ल्डस्टीलची, आकडेवारी पाहिली तर झोतभट्टीच्या मार्गाने एक टन कच्च्या पोलादामागे साधारण २.३ टन कार्बन डायऑक्साइड जातो. भंगारावर चालणाऱ्या विजेच्या भट्टीत साधारण ०.७ टन. या आकड्यांची मोजणीची हद्द ईपीडीपेक्षा वेगळी आहे, म्हणून थेट वजाबाकी करू नये. पण अंतर किती मोठं आहे ते कळायला एवढं पुरे. सळईची मर्यादा ८९० किलो ठेवली की भंगारावरच्या भट्ट्या आत येतात आणि झोतभट्टीची सळई बाहेर राहते. दहा हजार टन सळईच्या कामात ही गोष्ट हजारो टन धुराची होते.

अमेरिकेत सुमारे ७० टक्के पोलाद विजेच्या भट्टीत बनतं. म्हणजे तिथल्या सळई कारखान्यांचा धूर या कायद्याआधीही कमीच होता. पण त्या कमीपणाला बाजारात किंमत नव्हती. निविदेत दर, ग्रेड, पुरवठ्याची तारीख एवढंच विचारलं जायचं. सळई सळईसारखी दिसते. कमी धुराची सळई हातात घेऊन वेगळी ओळखू येत नाही. पडताळलेल्या ईपीडीने पहिल्यांदा हा न दिसणारा फरक कागदावर आणला, आणि कायद्याने त्याला निविदेच्या दारावर उभं केलं. जो कारखाना आधीपासून नीट चालत होता, त्याला त्या नीट चालण्याचा पहिल्यांदाच व्यवहारात उपयोग झाला.

एक उदाहरण जवळून पाहू. कमर्शियल मेटल्स कंपनीने, म्हणजे सीएमसीने, २००९ मध्ये ॲरिझोनातल्या मेसा इथे सळईचा एक सूक्ष्म कारखाना सुरू केला. भट्टीतून ओतलेला पट्टा न तुटता, न थंड होता सरळ रोलिंगमध्ये जातो. नेहमीच्या पद्धतीत बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, ओततात, थंड करतात, रचून ठेवतात आणि मग पुन्हा तापवून रोल करतात. ही पुन्हा तापवायची भट्टी मेसात लागत नाही, म्हणजे तिचं इंधनही लागत नाही. ही बचत आधी कंपनीच्या खर्चात दिसायची, ग्राहकाला तिचं काही नव्हतं. ईपीडीत ती उत्पादनाच्या टप्प्यात, ज्याला ए३ म्हणतात, तिथे आकड्यात उतरते आणि ग्राहकाच्या मर्यादेशी जाऊन भिडते. सीएमसीने आपल्या वेगवेगळ्या कारखान्यांचे वेगवेगळे ईपीडी प्रसिद्ध केले आहेत, ते त्यासाठीच.

कागद नसेल तर काय होतं, हेही तितकंच बोलकं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातून पुढे आलेला कार्बन लीडरशिप फोरम, स्कान्स्का ही बांधकाम कंपनी, मायक्रोसॉफ्ट आणि सी चेंज लॅब्ज ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून नोव्हेंबर २०१९ मध्ये ईसी३ नावाचं मोफत साधन आणलं. वास्तुविशारद त्यात काँक्रीट, सळई, काच यांचे ईपीडी शेजारी ठेवून पाहतात. त्यातला एक नियम फार विचाराने केलेला आहे. ईपीडी जितका मोघम, तितका शंकेचा भार जास्त. त्या कारखान्याची, त्या मालाची माहिती दिली असेल तर आकडा जवळपास आहे तसा घेतला जातो. उद्योगाची सरासरी दिली असेल तर तो वर ढकलून धरला जातो, कारण तुमचा माल सरासरीपेक्षा वाईट असू शकतो.

नेदरलँड्समध्ये हेच टक्केवारीत बांधलेलं आहे. तिथल्या राष्ट्रीय साहित्य नोंदवहीत पडताळणी न झालेल्या आकड्यावर ३० टक्के वाढ लावतात. फ्रान्समध्ये २०२२ पासून लागू झालेल्या आरई२०२० नियमांत स्वतःचं घोषणापत्र नसलेल्या मालाला मुद्दाम चढा ठेवलेला सरकारी आकडा चिकटतो. माल तोच, कारखाना तोच, पण न मोजल्याबद्दलचा बोजा ग्राहकाच्या इमारतीच्या हिशेबावर बसतो, आणि ग्राहक दुसरा पुरवठादार शोधतो. मला विचाराल तर पडताळलेल्या ईपीडीचा सर्वांत रोकडा फायदा हाच: आपल्या मालाला आपल्याच आकड्याने ओळखलं जातं, दुसऱ्याने शंकेपोटी धरलेल्या आकड्याने नाही.

लीड या हरित इमारतींच्या मानांकनात पडताळणीची किंमत अगदी मोजून ठेवली आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीत किमान पाच उत्पादकांची वीस उत्पादनं ईपीडीसह वापरली की गुण मिळतो. ४.१ आवृत्तीत त्या मालाचा स्वतःचा, बाहेरच्या तज्ज्ञाने पडताळलेला ईपीडी असेल तर ते उत्पादन दीड उत्पादन म्हणून मोजलं जातं. उद्योगाच्या सरासरीचं एक म्हणून. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या सरकारी कामासाठी काढलेला ईपीडी त्याच कारखान्याला खासगी कार्यालयाच्या इमारतीतही उपयोगी पडतो. एकदा केलेल्या मोजणीवर अनेक ग्राहकांची उत्तरं भागतात. दर ग्राहकाची वेगळी प्रश्नावली भरत बसणाऱ्या विक्री विभागाला ही सवलत केवढी मोठी आहे, हे त्या टेबलावर बसलेल्यालाच कळेल.

कारखान्याच्या आतला फायदा कमी बोलला जातो. वजनाचा जमाखर्च मांडायला बसलं की भट्टीतली घट किती, स्केल (तापलेल्या पोलादावरून निघणारा पापुद्रा) किती, कटिंगचे तुकडे परत भट्टीत किती गेले, हे सगळं एका कागदावर येतं. उत्पादन विभागाची वही, खरेदीची वही आणि विजेचं बिल या तीन गोष्टी एरवी एकमेकींना भेटतच नाहीत. पडताळणी करणारा त्यांना एका टेबलावर बसवतो. मग ज्या पायरीकडे कोणाचं लक्षच नव्हतं तिथून ऊर्जा गळत असल्याचं दिसू शकतं, आणि ती गळती बुजवण्याचा खर्च वीजबिलातून परत येतो.

जे या कागदाने झालं नाही

प्रकरण पूर्ण सांगायचं तर ही बाजूही आली पाहिजे.

कॅलिफोर्नियात रँचो कुकामोंगा इथे भंगारापासून सळई बनवणारा कारखाना होता. सीएमसीने २०१८ मध्ये तो गेरडाऊ या पोलाद कंपनीकडून विकत घेतला आणि २०२० मध्ये बंद केला. त्याची जागा ॲरिझोनात उभारायच्या नव्या सूक्ष्म कारखान्याने घेतली. मर्यादा बंधनकारक व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती. ज्या राज्याने आपल्या कारखान्यांना न्याय मिळावा म्हणून कायदा केला, त्याच राज्यातली भट्टी विझली. विजेचा दर, जमिनीची किंमत, यंत्रांचं वय यांपुढे ईपीडीचं काही चालत नाही. पुढे मोहावीजवळ सळईचा नवा सूक्ष्म कारखाना उभारण्याचं काम पॅसिफिक स्टील ग्रुपने हाती घेतलं. त्यामागे या कायद्याचा वाटा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

दुसरी मर्यादा मोजणीतच आहे. कायद्यात मोजला जाणारा आकडा कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा असतो. फाटकातून साइटपर्यंतचा प्रवास त्यात धरलेला नाही. म्हणजे ज्या जहाजाच्या प्रवासावरून एवढी चर्चा झाली, तो प्रवासच या आकड्याबाहेर राहतो. आणि मर्यादा उद्योगाच्या सरासरीवर ठेवल्यामुळे जे आधीच सरासरीच्या आत होते त्यांना आणखी सुधारायची लगेच काही निकड उरली नाही. तीन वर्षांनी आकडा खाली आणायची तरतूद त्याचसाठी आहे. ती किती नेटाने वापरली जाते यावर कायद्याचा कस लागेल.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो लहान कारखान्याला जास्त बोचतो. तज्ज्ञाची फी, पडताळणीची फी, नोंदणीची फी आणि एक माणूस काही महिने माहिती गोळा करण्यात गुंतलेला. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. म्हणून ओरेगन राज्यात काँक्रीट उत्पादकांची संघटना आणि पर्यावरण खातं यांनी मिळून लहान उत्पादकांना ईपीडी काढायला मदत केली आणि त्यानंतर पोर्टलंड शहराने आपल्या कामांसाठी काँक्रीटचे ईपीडी सक्तीचे केले. आधी हात दिला, मग मागणी केली. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट या अमेरिकी केंद्रीय कायद्यात ईपीडीच्या मदतीसाठी २५ कोटी डॉलर ठेवले गेले तेही याच विचाराने. मदत न करता नुसती सक्ती केली असती तर काम मोठ्यांकडेच सरकलं असतं, आणि त्याला मी न्याय म्हणणार नाही.

झाडं लावली, कार्बन क्रेडिट विकत घेतले आणि माल शून्य धुराचा झाला, असं जाहिरातीत लिहिता येतं. ईपीडीत ते वजा करता येत नाही. भट्टीतून जे गेलं तेच लिहायचं. काही कंपन्यांना हे जाचक वाटतं. मला वाटतं, कागदाची पत टिकून आहे ती यामुळेच.

जालन्याच्या भट्टीजवळ

हे वाचताना डोळ्यासमोर जालना येणं साहजिक आहे. बियाण्यांचं आणि सळईचं हे गाव. मराठवाड्यातल्या किती घरांच्या कॉलममध्ये इथली सळई असेल. जालन्याचा माल कॅलिफोर्नियाच्या पुलात जात नाही. पण विचारणा इकडेही सरकते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर ते हरित; १.६ टनांच्या खाली असेल तर पाच तारे. हे प्रमाणपत्र ईपीडीपेक्षा वेगळं आहे, पण आकडा मोजून आणि तपासून घ्यायचा हे तत्त्व तेच. युरोपच्या सीमेवरचं कार्बन शुल्क १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीला लागू झालं, आणि तिथेही पडताळलेला आकडा नसेल तर वाढवून धरलेला सरकारी आकडा लागतो. जेएसडब्ल्यू आणि टाटा यांच्या पोलादाचे ईपीडी केव्हाच निघाले आहेत. प्रश्न इंडक्शन भट्टीवाल्या (विजेवर भंगार वितळवणाऱ्या) मध्यम आणि लहान कारखानदारांचा आहे.

त्यांच्या हातात काय आहे याचा ढोबळ हिशेब करून पाहू. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते असं धरा. देशातल्या विजेच्या जाळ्यात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. म्हणजे वितळवण्याच्या विजेचेच ४२० किलो झाले. वर चुना, मिश्रधातू, वाहतूक. भट्टीत निव्वळ भंगार असेल तर हिशेब आटोक्यात राहतो. पण भंगार महागलं की स्पंज आयर्नचं, म्हणजे खनिजापासून न वितळवता काढलेल्या लोखंडाचं, प्रमाण वाढवतात, आणि आपल्याकडचा बराचसा स्पंज आयर्न कोळशावर बनतो. तो स्वतःच टनामागे दोन टनांच्या घरात धूर घेऊन येतो. निम्मा स्पंज घातला की नुसत्या त्याचाच एक टनाहून जास्त. बाहेर येणारी सळई दोन्ही वेळा तीच: तोच ग्रेड, सळईचं तेच भारतीय मानक आयएस १७८६, तोच दर. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन भट्ट्यांत दुपटीहून जास्त फरक असू शकतो आणि तो सांगणारा एकही कागद आज फाटकातून बाहेर पडत नाही.

जो कारखानदार भंगार जास्त घालतो, बिलेट थंड न करता गरम गरमच रोलिंगला नेतो, सौर विजेचा करार करतो, त्याचं काम मेसाच्या कारखान्याच्या दिशेनेच चाललेलं आहे. पण खरेदीदाराच्या लेखी तो आणि त्याचा शेजारी सारखेच. कॅलिफोर्नियातल्या भंगारभट्ट्या २०१७ आधी जिथे होत्या, तिथेच तो आज उभा आहे.

एका भट्टीवर मी हे जवळून पाहिलं. प्लॅटफॉर्मच्या बाजूला भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर खडूने पाळीचा चार्ज लिहिलेला: भंगार किती, स्पंज किती, सिलिको-मँगनीज किती, वितळायला किती वेळ, मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग. अक्षर नीट, आकडे सरळ रेषेत. लिहिणाऱ्या भाऊंना विचारलं, “हे वहीत उतरवता का?” ते म्हणाले, “उतरवतो की, पण महिना झाला की वही कुठे जाते कुणास ठाऊक.” पाळी बदलली तसा दुसऱ्या पाळीचा माणूस ओला कपडा घेऊन आला आणि त्याने फळा पुसला. ईपीडीसाठी वर्षभराची जी माहिती लागते तिच्यातला सर्वांत अवघड भाग त्या फळ्यावर रोज तीनदा लिहिला जात होता. मालकांना एवढंच सुचवलं की उद्यापासून पुसण्याआधी फळ्याचा फोटो काढून ठेवा, आणि महावितरणची बिलं त्याच फाइलला लावा.